समजा, पाणी आलं

मी एक जुना नळ आहे आणि मला राग आला आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण निबंधातल्या नळाने कृतज्ञ असावं, दोन अश्रू गाळावेत आणि पाणी जपून वापरा म्हणून गप्प बसावं, अशी तुमची अपेक्षा असणार. मित्रांनो, अश्रू गाळायला आत पाणी लागतं. माझ्या आयुष्यातली पहिली नऊ वर्षं माझ्यातून एक थेंबही गेला नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीने कडा घासल्या, आटे पाडले, वरून आरशासारखा मुलामा चढवला. शेवटी एका बाईंनी माझ्या तोंडाला हवेची नळी लावून दाब तपासला आणि पुठ्ठ्यावर शिक्का मारला. आम्ही चोवीस भावंडं एका खोक्यात होतो. कोणी म्हणे मी इस्पितळात जाणार, कोणी म्हणे खानावळीत. माझं मागणं लहान होतं. एखादं घर असावं आणि सकाळी कोणीतरी डोळे चोळत येऊन माझ्याखाली ओंजळ धरावी.

मी गेलो क्लासमध्ये.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, 'प्लंबिंग प्रशिक्षण केंद्र' अशी पाटी होती. त्या पाटीच्या रंगाखालून आधीची 'टायपिंग' ही अक्षरं अजून वर येऊ बघत होती. टायपिंगला कोणी येईना, तेव्हा संचालकांनी पाटी बदलली आणि सर तेच ठेवले. सर सज्जन होते. पूर्वी ते चुकीचं बोट पडलं की रागवत, आता चुकीचा पाना उचलला की रागवत. दोन्ही विषयांत त्यांच्या हाताला कधी ओल लागली नव्हती.

क्लासमध्ये एक 'प्रात्यक्षिक भिंत' होती. तिच्यावर पाईपांचं जाळं होतं आणि त्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा, मला बसवलं. हे जाळं डावीकडे एका उघड्या तोंडाशी सुरू व्हायचं. त्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. चिंधीपलीकडे काही नव्हतं. टाकी नाही, जोडणी नाही, साधी बादलीसुद्धा नाही.

"पाण्याने भिंत खराब होते," संचालक म्हणायचे.

माझ्या मागच्या वळणात एक पाल दोन वर्षं सुखाने नांदली. तिला एकदाही घर सोडावं लागलं नाही, यावरून काय ते ओळखा.

शिकवण्याची पद्धत अशी. सर चिंधीकडे पट्टी रोखून म्हणत, "समजा, इथून पाणी आलं." मग कोणीतरी पुढे येऊन मला उघडायचं. सर विचारायचे, "पाणी आलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "आलं, सर." पाणी कधी जोरात यायचं, कधी बारीक, कधी गरम. सर सांगतील तसं यायचं. जोडलेल्या प्रत्येक सांध्यावर सर कागदाची चिठ्ठी डकवायचे, दहापैकी आठ, दहापैकी नऊ. वार्षिक परीक्षेला बाहेरून एक परीक्षक यायचे. ते मला उघडून माझ्या तोंडाला कान लावायचे आणि मान डोलवायचे. "दाब चांगला आहे," असं ते दरवर्षी लिहून जायचे.

नऊ वर्षं मला असं कोरडं पिळलं गेलं. नळाच्या पोटात रबराचा एक वायसर असतो. तो ओला असला तर वर्षानुवर्षं टिकतो. माझा वाळला, चिरला, बिस्किटासारखा झाला. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण नळ पाणी आलं तरच आवाज करतो, आणि ते तर फक्त समजायचं होतं.

मग एका बॅचला मीटरवाले आले.

वय सत्तेचाळीस, काखेत वही, खिशाला दोन पेनं. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपून आणायचं काम त्यांनी एकवीस वर्षं केलं होतं. पुढे मीटर स्वतःच आपला आकडा कळवायला शिकले. कंपनीने मीटरवाल्यांना एक भिंतीवरचं घड्याळ आणि एकरकमी काही पैसे देऊन निरोप दिला. घड्याळ घरी लागलं, पैसे इथे आले. क्लासच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर उभे राहा.' तसे ते एकवीस वर्षं पायांवरच होते. गावभर चालत होते.

त्यांच्याकडे एकच भांडवल उरलं होतं. चारपाचशे घरांची दारं त्यांना उघडायची. कुत्री भुंकायची नाहीत, म्हाताऱ्या साखळी न लावता आत घ्यायच्या. या माणसाला घरात घ्यायला हरकत नाही, एवढी एकच गोष्ट लोकांना त्यांच्याबद्दल ठाऊक होती आणि तीच त्यांची कमाई होती. तिच्या जोरावर आपण प्लंबर होऊ, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. क्लास चुकीचा होता.

ते पहिल्या बाकावर बसायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात सगळं उतरवून घ्यायचे. पहिल्याच दिवशी सरांनी पुस्तकातलं पान वाचायला घेतलं.

"नळ बदलणे. पायरी पहिली. मुख्य कॉक बंद करून पाणी थांबवावे." सर थांबले, भिंतीकडे पाहिलं. "ही पायरी आपल्याकडे लागू नाही. खोडा."

वर्गाने खोडली. मीटरवाल्यांनी तर पट्टी ठेवून खोडली, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी हात वर केला. "सर, पाणी कधी सोडणार?"

"पाण्याचा भाग पुढे आहे," सर म्हणाले.

पाचव्या महिन्यात त्यांनी संचालकांना गाठलं. संचालक माझ्याच समोर उभे होते. "साहेब, एकदा तरी खरं पाणी बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"तुमच्या घरी पाणी येत नाही का?" संचालकांनी विचारलं.

"येतं की."

"मग बघितलंय तुम्ही. पाण्यात नवीन काय बघायचं? तंत्र शिका, तंत्र."

डबा खाताना शेजारच्या बाकावरच्याने त्यांना सुचवलं, घरच्याच नळावर हात साफ करा. मीटरवाले म्हणाले, "आमचा गळतोच आहे. पण बायको हात लावू देत नाही. म्हणते, शिकायचं ते क्लासात शिकून या, माझं स्वयंपाकघर म्हणजे तुमची प्रयोगशाळा नाही."

बाईंचं म्हणणं चूक नव्हतं. फी त्याचसाठी भरली होती.

सहा महिने संपले. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि अवजारांची पेटी मिळायची होती. पेटीत 'एक नवीन नळ' असंही छापलं होतं. आदल्या दुपारी नळ एकाने कमी भरला. संचालकांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. सरांनी मला भिंतीवरून काढलं, माझ्या जागी लाकडाचं बूच ठोकलं आणि मला टूथपेस्टने घासलं. मित्रांनो, नऊ वर्षांनी मी पहिल्यांदा त्या भिंतीवरून उतरलो, तो असा. नवा म्हणून.

घरी पेटी उघडून मीटरवाल्यांच्या बायकोने मला हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, नाकाशी धरलं. "अहो, याला टूथपेस्टचा वास येतोय."

"कंपनीचा वास असेल."

"कंपनी दात घासते का?" ती म्हणाली. "बरं, आता आपला लावा. सहा महिने बादली लावून काढले मी."

"आपला नंतर. पहिला नळ गिऱ्हाइकाच्या घरी लागला पाहिजे. सिस्टरबाईंनी उद्या बोलावलंय. त्यांच्याकडे चांगलं झालं की गल्ली आपली."

"आणि वाईट झालं की?"

मीटरवाल्यांनी प्रमाणपत्र दाखवलं. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. दोन गल्ल्यांमधली निम्मी माणसं त्यांच्या हातांत जन्मलेली. तळमजल्यावर दोन खोल्या, आत जुनं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी वर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. एवढ्या उंचीवरून उतरणारं पाणी म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मीटरवाल्यांनाही नव्हतं.

"या, मीटरवाले," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला प्लंबर म्हणायचं का?"

"आजच्यानंतर म्हणा," ते लाजून म्हणाले.

"हा बघा, दिवसभर टिपटिप करतो. माझ्याच वयाचा झालाय. त्याला निवृत्त करा."

मीटरवाल्यांनी पेटी उघडली. फडकं अंथरलं. मला बाहेर काढून माझ्या आट्यांवर गळतीरोधक पांढरी टेप गुंडाळली, बरोबर घड्याळाच्या दिशेने. मग जुन्या नळाला पाना लावला. तुम्ही हसाल. म्हणाल, आधी पाणी बंद करायचं असतं एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांच्या डोक्यालाही कळत होतं. पण काम हात करतात, आणि हातांना सहा महिने एकच गोष्ट शिकवली होती. पाना लावा, डावीकडे फिरवा, नळ काढा. मधे काही नव्हतं. जे होतं ते पट्टी ठेवून खोडलं होतं.

नळ निघाला.

मी पाणी पहिल्यांदा पाहिलं ते असं. ते आलं नाही, ते सुटलं. मीटरवाल्यांच्या छातीवर आदळलं, तिथून छतावर, छतावरून सगळीकडे. त्यांनी भोकावर तळवा दाबला, तर बोटांच्या फटींमधून ते चार दिशांनी उडालं. दुसऱ्या हाताने मला तिथे बसवायला गेले, तर पाण्याने मला थेट मोरीत भिरकावलं. तिथे पडल्या पडल्या मला ऐकू आलं. मीटरवाले ओरडत होते, "सिस्टरबाई, पाणी आलं."

सवयीचे शब्द. हातांसारखंच तोंडालाही वळण लागलं होतं.

बाई तडक मागच्या अंगणात गेल्या आणि भिंतीजवळचा कॉक बंद करून आल्या. पाणी थांबलं, पण घोट्यापर्यंत साचलं होतं. त्या खाली वाकल्या आणि ओट्याखालच्या फळीवरून वह्यांचा गठ्ठा उचलला. गठ्ठ्यातून पाणी निथळत होतं. निळी शाई त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरली.

"मी केलेली बाळंतपणं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासूनची. नाव, वेळ, वजन. तुमची मुलगीही यात आहे, मीटरवाले. निदान सकाळपर्यंत होती."

"आधी कॉक बंद करायचा असतो, हे शिकवलं नाही तुम्हाला?"

"आमच्या भिंतीला पाणी नव्हतं," ते म्हणाले.

कॉक बंद असताना त्यांनी मला कसंबसं बसवलं. बाईंनी पाणी सोडलं. मी सगळा जीव एकवटून तोंड मिटलं. पोटात काहीतरी कडकन तुटलं, आणि माझ्या मुठीखालून, तोंडातून, जिथून जमेल तिथून पाणी गळू लागलं. जुना नळ टिपटिप करत होता, मी धार लावली. नऊ वर्षं माझ्या नावावर 'दाब चांगला' लिहिलेलं होतं.

"जुनाच लावा परत," बाई म्हणाल्या. "तो गळतो, पण मेलेला नाही. आणि मग निघा. दार मी लावून घेते."

त्या दाराची साखळी खळ्कन लागली. एकवीस वर्षांत मीटरवाल्यांनी तो आवाज आतून ऐकला असेल, बाहेरून कधी नाही.

ते तसेच, ओल्या विजारीने, मला मुठीत आवळून क्लासला गेले. वाटेत त्यांनी एकदाही पकड सैल केली नाही. रागाने, ते मला कळत होतं, कारण मीही आतून तापलो होतो.

क्लासमध्ये नव्या बॅचचा पहिला दिवस होता. संचालक कोपऱ्यात खुर्चीवर. सर पुस्तक हातात धरून म्हणत होते, "ही पायरी आपल्याकडे लागू नाही. खोडा." वीस पट्ट्या वहीवर आडव्या झाल्या.

"खोडू नका," दारातून मीटरवाले म्हणाले.

वीस माना वळल्या. त्यांच्या कपड्यांमधून पाणी गळून उंबऱ्याशी थारोळं झालं होतं.

"अहो, काय हे," संचालक उठले. "ओले कुठे झालात?"

"कामावर. तुमचं तंत्र वापरलं." त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "हा नवीन नळ. सर, ओळखता का याला?"

सरांनी मला ओळखलं. त्यांनी मान खाली घातली. टूथपेस्ट त्यांच्याच घरची होती.

"तुमची काही तक्रार असेल तर आत केबिनमध्ये बोलू," संचालक म्हणाले. "फीचं काही..."

"फी राहू द्या. एक प्रश्न विचारतो. या इमारतीचा मुख्य कॉक कुठे आहे?"

संचालकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पुस्तकाकडे पाहिलं.

"नऊ वर्षं प्लंबर बनवताय," मीटरवाले म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, मीटरचा आकडा वाचावा तसा सपाट होता. "आणि तुमच्या डोक्यावरच्या टाकीचं पाणी कुठे बंद होतं हे दोघांनाही माहीत नाही. चला रे, सगळे उठा. शोधायचा."

वीस माणसं शोधायला लागली. जिन्याखाली, पॅसेजमध्ये, मोरीच्या मागे. शेवटी एका बाईला तो सापडला. पॅसेजमध्ये, 'उज्ज्वल भवितव्याची हमी' असं लिहिलेल्या फलकामागे होता, धुळीने माखलेला. मीटरवाल्यांनी तो प्रत्येकाला एकदा बंद करायला आणि एकदा उघडायला लावला. मग बंद ठेवून मोरीच्या नळापासून एक रबरी नळी आणली, भिंतीच्या डाव्या तोंडातली चिंधी काढली आणि नळी तिथे घट्ट आवळली.

"भिंत खराब होईल," संचालक म्हणाले.

"भिंत खराबच आहे, साहेब. तुम्हाला कळायचं बाकी आहे." आणि पॅसेजमध्ये कॉकपाशी थांबलेल्या बाईला ते म्हणाले, "सोडा."

आधी पाईपांमध्ये घरघर झाली. मग माझ्या जागेवरचं बूच उडून समोरच्या कपाटावर आपटलं. मग नऊ वर्षांचे सांधे एकामागून एक बोलायला लागले. दहापैकी आठवाला फुसफुसला, नऊवाल्याने कारंजं उडवलं, एका दहापैकी दहाने तर पाईपच सोडून दिला. चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगत संचालकांच्या बुटांपाशी जमा झाल्या. हे सगळे सांधे जोडणारी माणसं आज कोणाकोणाच्या घरात हात घालत असतील, हा विचार त्या खोलीत सगळ्यांना एकाच वेळी आला असावा, कारण सगळ्यांच्या नजरा एकदमच सरांकडे वळल्या.

"बंद करा ते," संचालक टेबलावर चढत म्हणाले.

"सर," मीटरवाल्यांनी विचारलं, "पाणी आलं?"

सर चिंब झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तेव्हा तसाच हातात ठेवला. "आलं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं उत्तर असावं.

उरलेली एकोणीस माणसं पॅसेजमधल्या कॉककडे धावली. कुठे आहे, हे आता कोणालाही सांगावं लागलं नाही.

मीटरवाल्यांनी जाताना सरांकडून एक नवा वायसर मागून घेतला. मोफत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिस्टरबाईंच्या दारात उभे राहिले. दार साखळीएवढंच उघडलं. आत दोरीवर वह्या चिमट्यांनी लटकवलेल्या दिसत होत्या.

"आता काय बुडवायचं राहिलंय?" बाईंनी विचारलं.

"नळ लावून देतो. आणि वह्यांमधलं जेवढं वाचता येतंय, तेवढं उतरवून देतो. माझं अक्षर बरं आहे."

"आधी नळ," बाई म्हणाल्या. पण साखळी काढली नाही. "काय करणार, सांगा."

"आधी अंगणात जाणार."

साखळी निघाली.

मीटरवाले स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा नाहीत. सरळ मागे गेले, कॉक बंद केला, येऊन जुना नळ उघडून पाहिला. दोन थेंब पडले आणि पाणी थांबलं. मग माझं पोट उघडून वाळकं रबर काढलं, नवं घातलं, जुना नळ काढून मला बसवलं. बाई हाताची घडी घालून त्यांच्या हातांकडे बघत उभ्या होत्या, बाळंतपणाला उभ्या राहत असतील तशाच. ते परत अंगणात गेले. हळूहळू कॉक फिरवला आणि तिथूनच विचारलं, "पाणी आलं?"

बाईंनी माझी मूठ फिरवली.

"आलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, नऊ वर्षं हा शब्द मी रोज ऐकला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याबद्दल खरा होता.

त्याला आता वर्ष होत आलं. मी त्याच मोरीवर आहे, गळत नाही. मीटरवाल्यांच्या घरचा नळही बदलला. त्यांच्या बायकोने आधी अंगणातला कॉक स्वतः बंद केला, मगच पाना त्यांच्या हातात दिला. अर्ध्याहून जास्त नावं नव्या वहीत उतरली आहेत. बाकीच्यांसाठी ते दारोदार जाऊन विचारून येतात, तुमचा जन्म किती वाजता, वजन किती होतं. लोक दार उघडतात आणि जाता जाता गळका नळही दाखवतात. परवा वर्तमानपत्रातून क्लासचं नवं माहितीपत्रक आलं. 'आता थेट पाण्यावर प्रशिक्षण', आणि त्यामुळे फी वाढवली आहे. बाईंनी ते ओट्याखालच्या फळीवर अंथरलं.

तर माझं एवढंच मागणं आहे. मला गरजेपेक्षा जास्त पिळू नका. मी गळू लागलो तर बादली लावून दिवस काढू नका, माझ्या पोटातलं दहा मिनिटांचं काम असतं. आणि उद्या कोणी तुम्हाला काही शिकवायला बसलं, पाटी मोठी असली, भिंत चकचकीत असली, तरी वही उघडण्याआधी विचारा, याला पाणी येतं का? 'समजा' असं उत्तर आलं, तर उठा.

माझा राग अजून गेलेला नाही. फक्त हल्ली तो कामाच्या वेळेत बंद ठेवता येतो.